चाकातली पोकळी आणि केसांची कड: एका कटआउटचं प्रकरण

काम कटआउटचं, म्हणजे फोटोतली वस्तू कापून वेगळी काढण्याचं, आणि एका ओळीत सांगता येईल असं होतं. सायकल धरून उभ्या असलेल्या तरुणीचा फोटो, त्यातली मागची झाडी काढायची आणि तिच्या जागी फिकट, सपाट रंग आणायचा. तयार चित्र दोन ठिकाणी जाणार होतं: वेबपानावर ६०० पिक्सेल रुंदीचं छोटं चित्र म्हणून, आणि माणसाच्या उंचीच्या छापील फलकावर.

मूळ फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा. सायकलने त्यातली साधारण ४२०० पिक्सेल रुंदी व्यापलेली. ऊन मागून येत होतं, त्यामुळे मोकळ्या केसांच्या कडा उजळलेल्या आणि चाकांचे स्पोक चमकणारे. अंगात गडद हिरवं जॅकेट, मागे गडद हिरवी झाडी. हँडलपुढच्या बास्केटमध्ये पाण्याने भरलेली काचेची बाटली. चाकांच्या वरच्या अर्ध्या भागामागे झाडी दिसते, खालच्या भागामागे फिकट खडीचा रस्ता.

मशीन लर्निंगवर चालणारं, एका क्लिकमध्ये विषय निवडून देणारं साधन यावर चालवलं. काही क्षणांत मास्क, म्हणजे फोटोतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे सांगणारा नकाशा, आला. जॅकेटची कड अचूक. दोन्ही चाकं मात्र भरीव चकत्या झालेल्या, स्पोकमधली झाडी तशीच आत. केसांची कड हेल्मेटसारखी गोल आणि गुळगुळीत. बाटली निवडली गेली, पण तिच्यातून दिसणाऱ्या झाडीसकट. जमिनीवरची सावली मागेच राहिली.

असा निकाल पाहून कोणी म्हणतं की ही साधनं दिखाऊ आहेत, खरं काम पेन टूलनेच, म्हणजे हाताने बिंदू-बिंदू जोडून कड आखूनच, होतं. कोणी म्हणतं, थोडं थांबा, पुढच्या आवृत्तीत हेही जमेल. मला या दोन्ही मतांत एकच गल्लत दिसते. दोघंही निवड हा एकच प्रश्न धरून चालतात. प्रत्यक्षात तिथे दोन प्रश्न असतात. पहिला, फोटोतली ही वस्तू कोणती आणि ती कुठून कुठपर्यंत आहे. दुसरा, कडेवरच्या या एका पिक्सेलमध्ये त्या वस्तूचा वाटा किती. पहिल्याचं उत्तर ओळखीतून येतं, दुसऱ्याचं मोजमापातून. या एकाच फोटोत दोन्ही प्रश्न इतके स्वच्छ वेगळे दिसले, की प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

जॅकेट

आधी मशीन जिथे निर्विवाद सरस ठरलं ती जागा. डाव्या खांद्याची कड फोटोत जवळजवळ नाहीच. पिक्सेलचा रंग मोजणाऱ्या आयड्रॉपरने दोन्ही बाजूंचे रंग तपासले, तर त्यांतला फरक फोटोतल्या नॉइजइतकाच, म्हणजे दाणेदार गोंधळाइतकाच, निघाला. रंगावर चालणारी सगळी जुनी साधनं इथे हात टेकतात. मॅजिक वाँड क्लिक केलेल्या पिक्सेलशी रंग जुळतो का एवढंच पाहतं. ते खांद्यावरून सरळ झाडीत शिरलं. मॉर्टेन्सन आणि बॅरेट यांनी १९९५ मध्ये मांडलेली ‘इंटेलिजंट सिझर्स’ पद्धत दोन बिंदूंमध्ये कडेला धरून जाणारी सर्वांत कमी खर्चाची वाट शोधते. पण कडच पुसट असेल तर ती वाट जवळच्या एखाद्या ठळक फांदीवरून जाते. २००४ मधलं ग्रॅबकट याहून बरंच पुढचं: वस्तूभोवती चौकट आखली की ते आतल्या आणि बाहेरच्या रंगांचे दोन सांख्यिकी आराखडे बांधतं आणि ग्राफ कट या गणिती पद्धतीने त्यांच्यातली सीमा ठरवतं. तरी दोन्हीकडे तोच हिरवा असल्यावर आराखडे तरी वेगळे कुठून होणार?

शिकलेल्या मॉडेलला, म्हणजे एका क्लिकच्या त्या साधनामागच्या प्रोग्रॅमला, इथे रंगाची गरजच पडली नाही. मानेपासून दंडापर्यंत रेषा कशी उतरते हे त्याने प्रशिक्षणातल्या असंख्य माणसांवरून घेतलेलं आहे. कड दिसत नसतानाही ती कुठे असायला हवी हे त्याला कळतं. २०१५ मध्ये फुली कन्व्होल्युशनल नेटवर्क आणि यू-नेट या मॉडेलांनी प्रत्येक पिक्सेलला वर्ग देण्याची, म्हणजे तो कोणत्या प्रकारच्या वस्तूचा हे ठरवण्याची, वाट रुळवली. २०१७ च्या मास्क आर-सीएनएनने फोटोतली प्रत्येक वस्तू सुटी ओळखून तिचा वेगळा मास्क द्यायला सुरुवात केली. आज फोटो संपादकांत कर्सर नुसता फिरवला तरी वस्तू उजळतात, त्यामागे हीच परंपरा आहे. खांद्याची ती कड मी हाताने काढली असती तर तीही अंदाजानेच काढावी लागली असती, आणि मशीनचा अंदाज माझ्यापेक्षा वाईट नव्हता. तिथे मी काहीही बदललं नाही.

एक गोष्ट मात्र मशीनला सांगावी लागते: आपल्याला हवंय काय. जॅकेटवर एक क्लिक केला तर निवड कशाची व्हावी? जॅकेटची, तरुणीची, की तरुणी आणि सायकल दोघांची? तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. एप्रिल २०२३ मध्ये मेटाने आणलेलं सेगमेंट एनिथिंग मॉडेल, म्हणजे सॅम, एका क्लिकसाठी तीन मास्क देतं, ते याच कारणाने: भागाचा भाग, भाग आणि पूर्ण वस्तू. या प्रकरणात तरुणी आणि सायकल वेगवेगळी निवडली. हँडलवर ठेवलेली बोटं आणि हँडल यांच्यातली सीमा पुढे कुठे लागेल हे आधी सांगता येत नाही, आणि दोन सुटे मास्क जोडणं सोपं असतं. एक झालेला मास्क पुन्हा फोडणं अवघड.

चाक

इथे जास्त थांबावं लागेल, कारण चाक भरीव होण्यामागे दोन अगदी वेगळी कारणं आहेत आणि लोक त्यांतलं एकच सांगतात.

पहिलं कारण मोजमापाचं. साधारण १.७५ मीटर लांबीची सायकल ४२०० पिक्सेलमध्ये बसली, तर २ मिलिमीटरचा स्पोक जवळपास ५ पिक्सेल जाड दिसतो. डोळ्याला तो ठळक आहे. पण सॅमसारखं मॉडेल फोटो आहे त्या आकारात पाहत नाही. लांब बाजू आधी १०२४ पिक्सेलवर आणली जाते, मग चित्राचे १६ × १६ पिक्सेलचे तुकडे होऊन ६४ × ६४ ची जाळी बनते. शेवटी बाहेर पडणारा मास्क २५६ × २५६ चा असतो आणि तो ताणून मूळ आकाराला नेला जातो. आकडे मांडून पाहा: ५ पिक्सेलचा स्पोक मॉडेलपुढे पोचतो तेव्हा ०.८५ पिक्सेल उरलेला असतो, आणि मास्कमध्ये त्याच्या वाट्याला ०.२१ पिक्सेल येतो. मास्कचा एक ठिपका मूळ फोटोतल्या २३ पिक्सेलहून रुंद जागा झाकतो. एवढ्या जाड ठिपक्याने स्पोक काढता येणार नाही, मॉडेलला तो कितीही नीट ‘माहीत’ असला तरी.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे चाकाचा भाग कापून फक्त तेवढाच मॉडेलला द्यायचा. जवळजवळ पूर्ण चाक मावेल असा १५०० पिक्सेलचा चौकोन दिला, तर मास्कमध्ये स्पोक ०.८५ पिक्सेलचा होतो. अजूनही एका ठिपक्यापेक्षा कमी. ५०० पिक्सेलचा छोटा चौकोन दिला तर तो अडीच पिक्सेलच्या वर जातो, म्हणजे निदान काढता येईल इतका. पण त्या छोट्या चौकोनात आता चाक दिसतच नाही. दिसतात त्या धूसर हिरव्यावरच्या काही तिरक्या उजळ रेघा. मॉडेलची ताकद ओळखीत होती, आणि बारकावा मिळवण्याच्या नादात आपण ओळखीचाच आधार काढून घेतला. काही चौकोनांत त्याने स्पोक धरले, काहींत दोन स्पोकमधली झाडी ‘वस्तू’ म्हणून उचलली. नवी मॉडेलं या अडचणीशी झगडत आहेत. २०२० च्या पॉइंटरेंडने कडेजवळच्या संशयास्पद बिंदूंवर पुन्हा बारीक गणित करण्याची युक्ती आणली, आणि २०२३ च्या एचक्यू-सॅमने ४४,००० काटेकोर मास्कवर शिकून बारीक रचनांना डोळ्यांपुढे ठेवलं. फरक खरोखर पडतो. पण पोत्याने पिक्सेल असलेल्या छापील कामाच्या फोटोत स्पोक पूर्ण सुटे होतील अशी खात्री मी अजून देणार नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते आकाराशी संबंधित नाही. मॉडेलला ‘चाक’ म्हणजे काय हे कोणी शिकवलं? २०१४ मध्ये आलेला कोको हा प्रतिमासंच या क्षेत्राचा पाया मानला जातो: ३,२८,००० फोटो आणि त्यांत खुणा केलेल्या २५ लाख वस्तू. या वस्तूंच्या बाह्यरेखा माणसांनी बिंदूंना बिंदू जोडून, बहुभुजाच्या रूपात काढल्या. अशा बहुभुजात आतली पोकळी दाखवण्याची सोयच नाही. साहजिकच सायकलचं चाक बाहेरच्या टायरवरून फिरवून पुरं करतात आणि आतलं सगळं सायकलच्या खात्यात जातं. एखाद्या माणसाला ‘सायकलला बोट लाव’ म्हटलं तर तोही स्पोकमधल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवेल, त्यामुळे हे चूक म्हणता येत नाही. पण ओळखण्यासाठी केलेली खूण आणि कापण्यासाठी लागणारी कड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सॅमच्या प्रशिक्षणासाठी १.१ कोटी फोटोंवर ११० कोटी मास्क जमवले गेले आणि त्यांतले ९९.१ टक्के मॉडेलनेच आपोआप तयार केलेले होते. तिथे प्रमाण अफाट आहे, तरी एका मास्कची बारकाई आपोआप वाढत नाही. शिकवणाऱ्या खुणेत जी व्याख्या दडलेली असते, तीच शिकणाऱ्याकडे येते.

मग चाकाचं काय केलं? इथे जुनी पद्धत कामी आली, आणि या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. जॅकेटवर हरलेली रंगाची आणि उजेडाची साधनं स्पोकवर जिंकली. मशीनने दिलेल्या मास्कवरून रिमच्या आतली लंबवर्तुळाकार जागा निश्चित केली. तेवढ्याच जागेत, वरच्या अर्ध्या भागात, उजळपणाची मर्यादा लावली: मागची झाडी गडद आणि धूसर, स्पोक चमकदार, त्यामुळे दोन्ही सहज वेगळे झाले. मशीनने जागा ठरवून दिली नसती तर हीच मर्यादा पूर्ण फोटोभर पानांवरचे चमकते ठिपके उचलत बसली असती. खालच्या अर्ध्या भागात मागची खडीही फिकट होती, तिथे उजेड उपयोगाचा नव्हता. तिथे भूमिती वापरली. स्पोक सरळ असतो. हबवर एक बिंदू, रिमवर एक बिंदू, मध्ये पेन टूलची रेघ, जाडी ५ पिक्सेल, कड किंचित मऊ. चेन आणि फ्रेममधली फट, ब्रेकच्या केबलखालची जागा, कॅरिअरच्या पट्ट्या, हे सगळं हाताने. कंटाळवाणं काम, पण एकदाच करायचं.

केस

केसांत प्रश्न पूर्ण बदलतो. एक केस कित्येकदा एका पिक्सेलपेक्षा बारीक असतो. त्या पिक्सेलने थोडा प्रकाश केसाचा घेतलेला असतो आणि थोडा मागच्या झाडीचा. असा पिक्सेल ‘आत’ की ‘बाहेर’ हे विचारणंच निरर्थक आहे. तो ३० टक्के आत असू शकतो. हा वाटा म्हणजे अल्फा. पोर्टर आणि डफ यांनी १९८४ मध्ये अल्फाच्या आधारे चित्रं एकमेकांवर बसवण्याचं गणित नीट मांडलं, आणि आजचे सगळे लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, त्यावर चालतात.

हा वाटा काढण्याच्या कामाला मॅटिंग म्हणतात. तो काढायचा कसा? पिक्सेलचा दिसणारा रंग म्हणजे अल्फा गुणिले वस्तूचा रंग, अधिक उरलेला वाटा गुणिले मागचा रंग. लाल, हिरवा, निळा अशी तीन समीकरणं मिळतात. अज्ञात संख्या सात: वस्तूच्या रंगाच्या तीन, मागच्या रंगाच्या तीन आणि अल्फा. तीन समीकरणांतून सात संख्या सुटत नाहीत, म्हणून कुठलं तरी गृहीतक धरावंच लागतं. लेव्हिन आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या पद्धतीने धरलं की छोट्या खिडकीत वस्तूचे रंग आणि मागचे रंग प्रत्येकी एका सरळ रेषेवर पडतात. २०१७ च्या ‘डीप इमेज मॅटिंग’ने गृहीतक लिहून देण्याऐवजी नेटवर्कला शिकू दिलं: हाताने बारीक कापलेल्या ४९३ वस्तू वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर बसवून ४९,३०० चित्रं तयार केली आणि त्यांवर प्रशिक्षण दिलं.

मॅटिंगला एक त्रिखंडी नकाशा लागतो, ज्याला ट्रायमॅप म्हणतात: नक्की आत, नक्की बाहेर आणि मधला संशयाचा पट्टा. इथे निवड करणारं मॉडेल आणि मॅटिंग करणारं मॉडेल यांची जोडी उत्तम जमली. पहिल्याचा मास्क आत आक्रसून ‘नक्की आत’ मिळालं, बाहेर फुगवून ‘नक्की बाहेर’. पट्ट्याची रुंदी सगळीकडे सारखी ठेवली नाही. जॅकेटभोवती १० पिक्सेल पुरेसे, केसांभोवती १५० च्या आसपास, आणि एका बाजूला वाऱ्याने उडालेल्या बटेसाठी त्याहून रुंद. हा पट्टा आखणं हाच माझ्या मते केसांच्या कामातला खरा निर्णय आहे. अरुंद ठेवला तर केस बाहेर राहतात, उगाच रुंद ठेवला तर पानं आत येतात.

अल्फा मिळाल्यावरही काम अर्धंच झालेलं असतं, आणि घाईत सर्वांत जास्त वेळा इथेच थांबलं जातं. ३० टक्के केस आणि ७० टक्के झाडी असलेला पिक्सेल तसाच उचलून फिकट रंगावर ठेवला, तर केसांभोवती हिरवट झालर दिसते. वस्तूचा शुद्ध रंग वेगळा अंदाजून त्या पिक्सेलमध्ये भरावा लागतो. त्यात फोटो जेपीईजी असला तर भर पडते. बहुतेक जेपीईजींमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या तुलनेत आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना निम्म्या बारकाईने साठवलेली असते, म्हणून झाडीचा हिरवा शेजारच्या केसांवर सांडतो. या कामात कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, मागून घेतली आणि हिरवटपणा बराचसा तिथेच कमी झाला. शक्य असेल तेव्हा मॉडेल बदलण्याआधी फाइल बदलून पाहावी, असं मी प्रत्येकाला सांगेन.

मागून आलेल्या उन्हाने उजळलेली सोनेरी कड मात्र मुद्दाम ठेवली. सपाट रंगावर ती तर्काला धरून नाही, कारण ऊन कुठून आलं हे आता चित्रात दिसत नाही. तरी ती काढल्यावर चेहरा चिकटवल्यासारखा वाटू लागला. हा निर्णय मास्कचा नाही, चित्राचा आहे.

बाटली आणि सावली

काचेवर वरचं समीकरणही पुरत नाही. पाण्याने भरलेली उभी बाटली मागचं दृश्य नुसतं फिकट करून दाखवत नाही, ते वाकवते आणि डावं-उजवं उलटं करते. १९९९ मध्ये मांडलेलं ‘एन्व्हायर्नमेंट मॅटिंग’ याच अपवर्तनासाठी होतं, पण त्याला खास नमुन्यांसमोर काढलेले अनेक फोटो लागतात. हातात एकच फोटो असताना तो मार्ग बंद. इथे बाटलीचे दोन लेयर केले: गडद कडा मल्टिप्लायमध्ये (खालचा रंग गडद करणारा मिश्रणप्रकार), चमक स्क्रीनमध्ये (खालचा रंग उजळ करणारा), आणि मधली उलटी झाडी पुसून नवा रंग. मागे सपाट रंग असल्याने हे निभावलं. सावलीही रस्त्याच्या उजेडावरून वेगळी काढून मल्टिप्लायने खाली ठेवली. मॉडेलने ती सोडली यात त्याचा दोष नाही. सावली सायकलचा भाग नाही, फक्त तिच्याशिवाय सायकल हवेत तरंगते.

तपासणी

मास्क चांगला की वाईट हे या क्षेत्रात आयओयू या मापाने सांगतात: दोन मास्कचं सामायिक क्षेत्र भागिले एकत्रित क्षेत्र. हे माप कटआउट करणाऱ्याला फसवतं. १००० पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळाचा मास्क सगळीकडून ५ पिक्सेल मोठा आला, तर आयओयू ०.९९ येतो. कागदावर जवळजवळ परिपूर्ण, फलकावर मात्र वस्तूभोवती ५ पिक्सेलची स्पष्ट झालर. तीच ५ पिक्सेलची चूक १०० पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळावर झाली तर आकडा ०.९१ वर उतरतो. म्हणजे वस्तू जितकी मोठी, तितकी कडेची चूक लपते. २०२१ मध्ये सुचवलेलं बाउंडरी आयओयू कडेजवळच्या पट्ट्यापुरतंच मोजतं, ते या कामाच्या जास्त जवळचं आहे. कुठल्याही साधनाचे आकडे वाचताना माप कोणतं वापरलं आहे ते आधी पाहावं.

आकड्यांपेक्षा डोळ्यांनी केलेली तपासणी साधी आहे. मास्क पांढऱ्यावर, काळ्यावर आणि एखाद्या भडक रंगावर ठेवून १०० टक्के आकारात पाहायचा. पांढऱ्यावर गडद झालर उघडी पडते, काळ्यावर उजळ, भडक रंगावर राहून गेलेली भोकं. आणि जिथे जायचं आहे त्या आकारातही पाहायचं. ६०० पिक्सेलच्या वेबचित्रात मूळ फोटो दहापट लहान होतो. तिथे मशीनचे गोल केसही कोणाला खटकले नसते. चाकात अडकलेली झाडी मात्र तिथेही पहिल्या नजरेत दिसत होती. फक्त वेबचित्र करायचं असतं तर चाकं सुधारून मी थांबलो असतो, मॅटिंगला हातही लावला नसता.

चित्र मंजूर झालं, आणि मग फलकाचा रंग बदलला: फिकटाऐवजी गडद निळा. केसांना काहीच करावं लागलं नाही, कारण तिथे वस्तूचा शुद्ध रंग आधीच वेगळा काढलेला होता. बाटलीचा मल्टिप्लाय लेयर गडद निळ्यावर जवळजवळ नाहीसा झाला, पण चमक स्क्रीनमध्ये वेगळी असल्याने तेवढीच थोडी वाढवून बाटली परत आली. अडले ते चाकांचे खालचे स्पोक. त्यांच्या मऊ कडांमध्ये खडीचा फिकट रंग शिल्लक होता, जो आधीच्या फिकट पार्श्वभूमीवर दिसत नव्हता आणि निळ्यावर पांढुरक्या रेघांसारखा उठला. पेन टूलच्या रेघा जपून ठेवलेल्या होत्या. त्यांची जाडी ५ वरून ४ पिक्सेल केली, कडेचा रंग स्पोकच्या मधल्या पोलादी करड्यावरून भरला, आणि फाइल छपाईला गेली.